खाच

अक्कलकोट रोडचं मैदान, दुपारचे चार,
तिन्ही बाजूंनी पत्रा,
म्हणजे शिट्टीचं माहेरच.
रेवणसिद्ध माइक धरून स्टेजभर फिरतो,
हॅलो, एक दोन, हॅलो,
मी आवाज चढवत नेतो,
तिसऱ्या कोपऱ्यात ती फुटते.

स्पीकर बोलला ते माइकनं ऐकलं,
माइकनं ऐकलं ते स्पीकरनं पुन्हा सांगितलं,
टपरीवरची कंडी वाढत जाते तशी,
दोघांतल्या दोघांत.

पूर्वी मी कानानं पकडायचो.
ही अडीच हजारची, पत्रा कापणारी.
ही आठशेची, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी.
आता हप्त्यावर घेतलेलं मशीन आहे, बारा हिरवे दिवे.
शिट्टीनं श्वास घेतला की ते ओळखतं
आणि नेमकी तेवढीच जागा कोरून काढतं,
नखाएवढी.
काय गेलं ते कुणाला कळतही नाही.

नायनांची एकतीस वर्षं लूमवर गेली.
सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी आलेखावर पेन टेकवलं:
रेघ सरळ चाललेली, आणि चार हजारावर एकदम विहीर.
"ही खाच," त्या म्हणाल्या.
मला तो आकार ओळखीचा होता,
मी रोज रात्री तसाच पाडतो.
त्या विहिरीत सगळे स पडलेत, सगळे श.
आईचं नाव सरोजा.
ते आता त्यांना तिच्या ओठांवर दिसतं.

मेळावा विडी कामगार बायकांचा.
भाषणं सुरळीत झाली.
तेवढ्यात मशीननं सात खाचा पाडल्या,
एकाही वक्त्याला काही कमी वाटलं नाही.

मग नरसूबाई येमूल उठल्या.
सत्तरीच्या पुढच्या, अंगठ्याचं नख तंबाखूनं काळं.
आईकडून आलेलं तेलुगू गाणं,
प्रत्येक ओळीच्या टोकाला एकच सूर,
दम संपेपर्यंत धरलेला,
न हलता, ताण्यातल्या धाग्यासारखा.

आठवा दिवा लागला.

सूर मधूनच पोकळ झाला, कागदाचा झाला.
त्या थांबल्या.
बोलणं तोडणाऱ्या सुनेकडे बघावं तसं माइककडे बघितलं,
पदर सावरला, पुन्हा धरला.
नववा.

मशीनचं काय चुकलं?
त्याला एवढंच शिकवलंय,
जे थांबत नाही ते कापायचं.

मी बायपास दाबलं.
"काय करायलास बे," रेवण ओरडला, "बोंबलंल की सगळं!"
दोन बोटं फेडरवर,
तीन वर्षांनी कान पुन्हा कामाला लावले.
सूर अख्खा आला.
त्याच्या काठाला शिट्टी घुमायला लागली,
रिकाम्या घागरीवर वारा यावा तशी.
मी केसभर खाली,
त्या केसभर वर,
मी आणखी.
एकदा निसटलीच.
पुढच्या रांगेनं कानावर हात घेतले, मग हसू फुटलं.
नरसूबाई थांबल्या नाहीत.

रात्री केबल गुंडाळताना रेवण बोलला नाही.
शेंगाचटणी-भाकरीचा डबा मात्र पुढं सरकवला.

घरी नायना जागेच होते, कानात जुनं मशीन.
कंपनीचा पोरगा दोनदा येऊन गेलाय,
नव्यात शिट्टी येतच नाही म्हणतो,
ऑटोमॅटिक बंद होते.
या मशीनजवळ हात नेला, गाल नेला, की ते वाजतं.
माझी धाकटी त्यांच्या गळ्यात पडली
की कान किंचाळतो,
आणि तो त्यांना ऐकू येत नाही,
बरोबर त्यांच्या खाचेत पडतो.

आम्हाला येतो, पार आतल्या खोलीपर्यंत.
भांडी लावता लावता आई म्हणते,
"झोपली नाही वाटतं अजून पोरगी."

मी कंपनीच्या पोराला
अजून फोन केलेला नाही.